दोन टेबलांमधली माशी

वहिनींनी स्पीकरला कान लावला, डोळे मिटले आणि हाताने खूण केली, गप्प बसा. खोलीत तसं कोणीच बोलत नव्हतं. तरीही पंखा बंद झाला, खुर्चीची करकर थांबली आणि दोन टेबलांवर वाकलेल्या दोन पाठी ताठ झाल्या.

वाद्याला कोणाचंही बोट लागलेलं नव्हतं, म्हणजे स्पीकरमधून काहीही यायला नको होतं. पण येत होतं. बारीक, ताणलेलं, कानात शिरून ठाण मांडणारं 'ईईई'. त्याच्या तळाशी मंद घरघर, शेजारच्या खोलीत एखादे आजोबा झोपले असावेत तशी. वाद्याच्या छोट्या पडद्यावरचे आकडे बदलले की 'ईईई'चा सूरसुद्धा बदलायचा. या आवाजाला त्या घरात 'माशी' म्हणत.

"आहे," वहिनी म्हणाल्या. "अजून आहे माशी."

"त्याला विचार, दिवे चालू ठेवलेत का त्याने," डावीकडची पाठ म्हणाली.

"दिवे बंद करून बघितलंय म्हणावं. कालच," उजवीकडची पाठ म्हणाली.

या दोन पाठींच्या मध्ये एक स्टूल मावेल एवढीच जागा होती आणि त्या स्टुलावर वहिनी बसत. दोन्ही भावांचे कान तसे चांगले शाबूत होते. इतके, की वाद्यातला एखादा खिळा सैल झाला तर ते तो नुसत्या आवाजावरून सांगत. तरीपण एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू गेलं असं धरायचं नाही, वहिनींच्या तोंडून गेलं तरच ते पोचलं, असा त्या खोलीचा कायदा होता.

"भावजी, दिवे चालू आहेत का?"

"बंद होते."

"अहो, बंद होते म्हणतात."

"हं," थोरले म्हणाले. हे 'हं' पुढे पोचवायचं की नाही, हा वहिनींच्या अखत्यारीतला प्रश्न असे. बहुतेक वेळा त्या ते स्वतःकडेच ठेवून घेत. अशी किती 'हं' त्यांच्या पोटात जमा झाली होती देव जाणे.

हे दोघे भाऊ सिंथेसायझर बनवत. पेटीसारख्या पट्ट्या असलेलं, पण विजेवर गाणारं वाद्य. थोरल्यांकडे आवाज. तो ते जुन्या ॲनलॉग पद्धतीने करत. वीज कमीजास्त करत करत सूर असा काही शिजवायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, हे मंद आचेवर सकाळपासून चाललंय. धाकट्यांकडे डोकं. कुठली पट्टी दाबली, कुठला सूर लक्षात ठेवायचा, कुठला दिवा लावायचा, पडद्यावर काय दाखवायचं, हे सगळं सांभाळणारा इवलासा संगणक त्यांचा. ते झालं डिजिटल. एकाचा आवाज आणि दुसऱ्याचं डोकं एका पत्र्याच्या पेटीत बसवायचं, तारा जोडायच्या, कथील वितळवून डाग द्यायचे आणि शेवटी कान लावून ऐकायचं, हे वहिनींचं काम. पाठचा भाऊ असं आपण म्हणतो. इथे तो खरोखरच पाठीमागे बसलेला असे.

अबोला का झाला? तर एका चिपवरून. शेतावरून नाही, घरावरून नाही, बायकांवरून तर नाहीच. थोरल्यांकडे एक जुनी चिप होती. ती बनवणारा कारखाना कधीच बंद पडला होता आणि तसा गोल, मऊ आवाज देणारी दुसरी चिप पुन्हा कोणी केली नाही. लोक सोन्याचा डाग जपतात तशी त्यांनी ती कापसात गुंडाळून काडेपेटीत जपली होती. एकदा काय झालं, थोरल्यांना आनंदाचा धक्का द्यावा म्हणून धाकट्यांनी ती एका वाद्यात बसवली आणि वीज उलटी दिली. दोऱ्याएवढा धूर निघाला. थोरले आले, त्यांनी धुराचा वास घेतला, काडेपेटी उघडून आतला कापूस बघितला आणि म्हणाले, "बरं."

बस्स. ओरडले असते, काही फेकून मारलं असतं, तर आठवड्याभरात मिटलं असतं. पण "बरं" म्हणाले. धाकट्यांना वाटलं, दादा रागावला नाही म्हणजे फारच रागावला. ते माफी मागायला गेले ते शब्द जुळवत बसले, आणि शब्द जुळेपर्यंत इतके दिवस उलटले की आता माफी मागितली तर उशीर का झाला त्याचीही माफी मागावी लागली असती. थोरल्यांना वाटलं, साधं 'चुकलं' म्हणत नाही म्हणजे काय! तेव्हापासून निरोप सुरू झाले.

वहिनी या धंद्यात लग्नाने आलेल्या. त्याआधी त्या चपलांच्या दुकानात कामाला होत्या. गिऱ्हाईक "ठीक आहे, बसेल हळूहळू" म्हणालं की त्याला कुठे चावतंय हे त्या चेहऱ्यावरून ओळखत आणि दुसरा जोड काढून ठेवत. लग्न झाल्यावर नवऱ्याचा हात थरथरायला लागला म्हणून त्या डाग द्यायला शिकल्या. नंतर नवऱ्याच्या कानाची वरची धार बोथट झाली, अगदी बारीक सूर ऐकू येईनात, म्हणून ऐकायलाही शिकल्या. मग गिऱ्हाइकांशी बोलणं, सामान मागवणं, खोकी बांधणं हे आपसूकच त्यांच्याकडे येत गेलं, उताराकडे पाणी यावं तसं. धाकटे त्यांना वहिनी म्हणत, म्हणून गिऱ्हाइकं वहिनी म्हणू लागली, कुरिअरवाला वहिनी म्हणू लागला, शेजारची लाँड्रीवाली वयाने मोठी असूनही वहिनी म्हणू लागली. एकदा तर थोरले चिमट्यात तार धरून तंद्रीत होते, ते म्हणाले, "वहिनी, जरा कात्री दे." वहिनींनी दिली. बायको म्हणून हाक मारायला तरी कोणी उरलंय का, असं मात्र त्यांच्या मनात येऊन गेलं.

वहिनींचं अंग कामाने दुखत असे, पण त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. अंग दुखलं तर शेकता येतं. त्यांना दमवलं होतं ते निरोपांनी. एकजण म्हणे, "त्याला सांग, तुझ्या दिव्यांची घाण माझ्या आवाजात येतेय." वहिनी सांगत, "भावजी, दिव्यांमुळे थोडा आवाज येतोय का, बघता का?" दुसरा म्हणे, "त्यांना म्हणावं, दार सताड उघडं टाकून झोपलं की चिलटं येणारच." वहिनी सांगत, "अहो, आपल्या बाजूला जरा आडोसा हवाय म्हणतात." दोन्हीकडचं विष गाळून त्या पाणी पुढे देत. गाळणी मात्र भरत चालली होती. रात्री अंथरुणाला पाठ टेकली तरी न पोचवलेली वाक्यं डोक्यात फेऱ्या मारत.

लेक दुसऱ्या गावी होती. नवी नोकरी, नवं घर, भिंती अजून उघड्या. तिचा फोन येई.

"आई, ये ना गं. महिनाभर ये. काही करू नकोस. नुसती पडून राहा. मी चहा करीन."

"तुझा चहा?"

"बरं, तू कर. पण ये."

"हे वाद्य गेलं की येते."

"मागच्या वाद्याच्या वेळीही हेच म्हणालीस."

"मागचं म्हणजे हेच, बाई. परत आलंय ते."

हे खरं होतं. ते वाद्य एका नाटकमंडळीत संगीत देणाऱ्या बाईंचं. त्यांनी ते हौसेने नेलं आणि आठवड्यात पाठीवर टाकून परत आणलं. "वहिनी, आवाज इतका गोड आहे की काय सांगू," त्या म्हणाल्या, आणि वहिनींनी चेहऱ्यावरूनच ओळखलं की चावतंय. "पण नाटकात एक जागा आहे. नवरा मेल्याचं कळतं आणि बायको नुसती बसून राहते. कोणी बोलत नाही. मीही वाजवत नाही. तेव्हा हे एकटंच गात बसतं हो! पहिल्या रांगेतला माणूस डास मारायला लागला."

तेव्हापासून माशीचा शोध चालला होता. वहिनी निघू शकत नव्हत्या. कारण उघड होतं. त्या महिनाभर गेल्या तर मधलं स्टूल रिकामं पडणार, आणि या दोन पाठी एकमेकींना काय सांगणार? स्क्रू कमी पडला तरी काम थांबायचं. एकदा वहिनी तापाने आडव्या झाल्या होत्या, तर उठून बघतात तो धाकटे दोन दिवस एका तारेचा रंग विचारायला थांबलेले. दादा तिथेच होते. तारसुद्धा दादांच्याच हातात होती.

या वाद्यात ग्राउंड नावाची एक भानगड असते. वहिनींना ती थोरल्यांनीच समजावली होती, लाँड्रीचं उदाहरण देऊन. त्यांच्या मोरीचं सांडपाणी आणि शेजारच्या लाँड्रीचं सांडपाणी पूर्वी एकाच नळीतून जात असे. लाँड्रीची यंत्रं पाणी सोडायला लागली की यांच्या बेसिनमध्ये गुडगुड व्हायची, कधी फेसही वर यायचा. वीजसुद्धा अशीच, काम करून झालं की परत जायला वाट मागते. ती परतीची वाट म्हणजे ग्राउंड. थोरल्यांच्या आवाजाची वीज संथ, सोवळी. धाकट्यांच्या संगणकाची वीज म्हणजे लाँड्रीचं यंत्र, सारखं धपाधप सोडायचं. दोघांना एकाच नळीतून पाठवलं तर दिव्यांची धपधप आवाजात वर येणार. म्हणून दोघांच्या परतीच्या वाटा वेगळ्या ठेवायच्या, मध्ये चर सोडायचा, आणि दोन्ही वाटा कुठेतरी एकाच ठिकाणी जोडायच्या. एकाच. अजिबात जोडल्या नाहीत तर डोक्याचं आवाजाला कळत नाही. दोन ठिकाणी जोडल्या तर मध्ये गोल रिंगण तयार होतं आणि नको ती वीज त्यात फेर धरते.

या बाबतीत दोघा भावांचं एकमत होतं. फक्त ते एकमत आहे हे दोघांनाही माहीत नव्हतं.

माशी शोधायला सुरुवात झाली ती बाहेरून. आपल्या घरात चूक आहे हे मानण्याआधी माणूस शेजाऱ्याकडे बघतो, ते ठीकच आहे. थोरल्यांना संशय लाँड्रीचा.

"तिला म्हणावं, यंत्रं थोडा वेळ बंद ठेव."

वहिनी गेल्या. लाँड्रीवाली घड्या घालत होती.

"का हो वहिनी, झोप मोडते का?"

"नाही. आमच्या वाद्यातून आवाज येतोय."

"वाद्यातून आवाज येतो म्हणून तक्रार?" ती म्हणाली. "यायचा बंद झाला की या. मग बघू."

पण बिचारीने यंत्रं बंद केली. माशी होतीच. मग तारा बदलल्या. मग डिजिटल अर्ध्याभोवती तांब्याचा पत्रा गुंडाळला. मग थोरल्यांनी विजेचा ट्रान्सफॉर्मर उचलून पेटीच्या दुसऱ्या टोकाला नेला, त्याने घरघर जरा कमी झाली आणि माशी उलट स्पष्ट ऐकू यायला लागली. बाईंचा फोन यायचा. "वहिनी, प्रयोग जवळ आलाय हो." लेकीचा फोन यायचा. "आई, मी तुझी गादीसुद्धा आणली." दोन्ही फोनना वहिनी एकच उत्तर देत, "होईल गं." एकदा तर कोणाला काय सांगितलं ते त्यांनाच कळेना.

"त्याला सांग, त्याच्या प्रोग्रॅममध्येच गोंधळ आहे."

"त्यांना सांगा, प्रोग्रॅम आवाज करत नसतो. आवाज त्यांचा आहे."

वहिनींनी हे दोन्ही निरोप पुढे दिले नाहीत. त्यांनी पेटी उचलली, मांडीवर पालथी घेतली आणि खिडकीपाशी गेल्या.

दुपार होती. थोरले जेवून डुलकी काढत होते, धाकटे बाहेर फोनवर बोलत होते. वहिनींनी दोन चष्मे एकावर एक चढवले. असं कोणी बघत असताना त्या करत नसत. खाली तांब्याच्या दोन पसरट वाटा, मधून चर. स्वतः लावलेला एकेक डाग त्यांना ओळखीचा होता, जसा आईला पोराच्या सदऱ्याचा रफू ओळखीचा असतो. आणि तेवढ्यात दोन गोष्टी दिसल्या ज्या त्यांनी लावलेल्या नव्हत्या.

एक, वीज आत येते तिथे एक जाड हिरवी तार. तिने चर ओलांडून दोन्ही वाटा जोडल्या होत्या. डागाला शेपूट होतं. हात थरथरतो त्याचं ते शेपूट. नवऱ्याचं काम.

दुसरी, पार दुसऱ्या टोकाला, जिथे डोक्याचे आकडे आवाजाच्या विजेत बदलतात त्या चिपखाली, चरावर एक नीटस टपोरा थेंब. धाकट्यांचं काम. त्यांचे डाग असेच, मोत्यासारखे.

वहिनी बघत राहिल्या. कुठे माशी शिंकली ते आता दिसत होतं. आणि दिसत होतं म्हणता म्हणता आठवायलाही लागलं.

एका दुपारी थोरले मोरीत हात धुता धुता म्हणाले होते, "त्याला सांग, दोन्ही ग्राउंडचा जोड मी देतोय, वीज येते तिथे. त्याने देऊ नये." वहिनी "हो हो" म्हणाल्या. त्याच दुपारी धाकटे जिन्यात बूट घालता घालता म्हणाले होते, "वहिनी, दादाला सांगा, ग्राउंडचा जोड चिपखाली दिलाय. दुसरीकडे देऊ नका म्हणावं." वहिनी "हो हो" म्हणाल्या. गॅसवर दूध वर येत होतं आणि फोनवर लेक भिंतीला कुठला रंग देऊ म्हणून विचारत होती. दूध वाचलं. रंगही ठरला. निरोप राहिले.

विसरल्या असं म्हणणं सोपं होतं. पण वहिनी स्वतःशी तरी खोटं बोलत नसत. दुधाचं झाकण काढताना त्यांना दोन्ही निरोप आठवले होते. आणि त्यांना वाटलं होतं, जाऊ दे. एक दिवस तरी जाऊ दे. जोड द्यायचाय तर देईल कोणीतरी. तारांचं ते तारांनी बघावं.

दिला होता. दोघांनीही. दुसरा करणार नाही याची दोघांनाही पक्की खात्री, म्हणून दोघांनीही मुकाट्याने केलं होतं, आणि वहिनींना त्रास नको म्हणून आपापल्या हाताने केलं होतं.

टेबलावर कटर होता. वहिनींनी तो उचलला. एक कच् आणि झालं. हिरवी तार कापायची, टोकं दुमडायची, पेटी बंद करायची. कोणाला काही सांगायचं नाही. थोरल्यांना वाटणार, आपला जोड आहे. धाकट्यांना वाटणार, आपला आहे. दोघंही खूष. बाई वाद्य घेऊन जाणार. वर्षानुवर्षं घर असंच चाललं होतं. दोघांमधलं काहीतरी गुपचूप कापायचं आणि सगळं जोडलेलं आहे असं दाखवायचं.

कटर तारेवर ठेवला, आणि तो दाबला जाईना. हातात जोर होता, नाही असं नाही. पण त्यांना पुढचं वाद्य दिसलं. त्यालाही चर असणार. त्यालाही जोड लागणार. मोरीतून एक निरोप येणार, जिन्यातून एक. मधल्या स्टुलावर त्या. लेकीच्या घरातली गादी तशीच गुंडाळलेली.

त्यांनी कटर खाली ठेवला, नवऱ्याच्या खांद्याला हात लावून त्याला उठवलं आणि दारातून हाक मारली, "भावजी, आत या. फोन ठेवा आणि या."

पेटी त्यांनी मधल्या स्टुलावर पालथी ठेवली. त्यामुळे दोघांनाही पाठ फिरवून बसता येईना. दोन पाठी पहिल्यांदाच चेहरे झाल्या. थोरल्यांचा झोपेने सुजलेला, धाकट्यांचा धास्तावलेला.

"ही तार कोणाची?" वहिनींनी विचारलं.

"माझी," थोरले म्हणाले. "तुला सांगितलं होतं."

"आणि हा थेंब?"

"माझा," धाकटे म्हणाले. "तुम्हाला सांगितलं होतं."

"दोघांनीही सांगितलं होतं. मी कोणालाच सांगितलं नाही."

थोरले वाकून थेंब बघायला लागले. धाकटे वाकून तार बघायला लागले. दोघांची डोकी आपटता आपटता राहिली.

"रिंगण," थोरले हळूच म्हणाले.

"रिंगण झालंय," धाकटेही म्हणाले. पण हे त्यांनी वहिनींकडे बघून म्हटलं.

"आता यातला एक जोड काढायचाय," वहिनी म्हणाल्या. "कुठला, ते मला माहीत नाही. म्हणजे अंदाज आहे, पण मी सांगणार नाही. तुम्ही दोघं ठरवा."

"त्याला म्हणावं, जोड मुळाशीच असायला—"

"मी नाही म्हणणार."

"वहिनी, दादाला एवढं सांगा की चिप एकच असेल तर जोड तिच्याखाली—"

"नाही सांगणार, भावजी. दादा समोर आहेत. नाक आहे, डोळे आहेत, ऐकू येतं. वरची धार गेलीय थोडी, तर मोठ्याने बोला." वहिनींचा आवाज चढला नव्हता. चढवायला लागते ती ताकदच त्यांच्याजवळ नव्हती. "मी दमले हो. कामाने नाही. तुम्हा दोघांच्या मध्ये बसून दमले. मी लेकीकडे जाणार आहे. हे वाद्य होवो न होवो. आत्ता मी आत जाऊन पडते. मला हाक मारायची नाही."

"आणि ऐकणार कोण?" थोरले म्हणाले. "माशी गेली की नाही ते?"

"तुम्ही ऐका. तुमची ती."

त्या आतल्या खोलीत गेल्या, दार लोटलं आणि चटईवर आडव्या झाल्या. भर दुपारी, चष्मा न काढता. दुपारच्या वेळी आडवं व्हायचं त्यांना जमत नसे. अंग टेकलं की काहीतरी आठवायचं. आता काही आठवेना. बाहेर काही हलेना सुद्धा. लाँड्रीचं यंत्र तेवढं गरगरत होतं.

बऱ्याच वेळाने थोरल्यांचा आवाज आला. कोणाला उद्देशून नाही, हवेला.

"कटर कुठे गेला?"

हवेने उत्तर दिलं नाही. मग खाकरण्याचा आवाज. तो धाकट्यांचा, वहिनी ओळखत होत्या.

"तुझ्या हातात आहे."

वहिनींनी चटईवरूनच मान दाराकडे वळवली.

"दिसला," थोरले म्हणाले. आणि जरा वेळाने, "मग? कापू काय?"

"तुझा काप ना."

"माझा का? तुझा का नको?"

"अरे, चिप एकच आहे! आकड्यांचा आवाज जिथे होतो तिथेच दोघांनी भेटायचं. लांब भेटलो की येता-जाता घाण गोळा करत येतो."

"आम्ही शिकलो तेव्हा मुळाशीच जोडायचे."

"तू शिकलास तेव्हा आकडेच नव्हते, दादा!"

"हां, तेव्हा आवाज होता नुसता. सुखाचे दिवस."

कच्. काहीतरी कापलं गेलं. स्पीकर चालू केल्यावर होतो तसा छोटा धक्का भिंतीतून आला. मग दोघंही गप्प. दोघंही ऐकत असणार. वहिनींना इथून माशी ऐकू येत नव्हती. माशी गेली होती की दार आड होतं, ते कळत नव्हतं, आणि उठून बघावं असंही वाटत नव्हतं.

"गेली," धाकटे म्हणाले.

"मला मुळात ऐकूच येत नाही ती."

"मग मी सांगतोय ना, गेली."

"घरघर आहे पण."

"ती आहे. मोकळ्या पेटीची असेल. पत्रा कशालाच जोडलेला नाही."

"ती कापलेली तार पत्र्याला लावू?"

"लाव. पण एकाच जागी. आणि मला दाखवून लाव."

"तुला दाखवून! मी तुला पाना धरायला शिकवलं."

"म्हणूनच तर!"

आवाज वाढले. चांगलेच वाढले. लाँड्रीवालीने यंत्र थांबवलं असावं, कारण मध्येच सगळं स्पष्ट ऐकू यायला लागलं. चिपचं नाव निघालं, काडेपेटीचं निघालं. "तू 'बरं' का म्हणालास?" असं धाकटे ओरडले. "मग काय म्हणायचं होतं? जळली होती ती!" थोरले ओरडले. "शिव्या द्यायच्या होत्यास!" "आता देतो!" आणि त्यांनी एक खरंच दिली.

वहिनींनी चटईवर पडल्या पडल्याच लेकीला फोन लावला.

"येते मी," त्या म्हणाल्या.

"वाद्य झालं?"

"नाही बहुतेक. भांडताहेत अजून."

"मग कसली येतेस तू, आई! त्यांचं भांडण तर—"

"एकमेकांशी भांडताहेत गं."

पलीकडून लेक म्हणाली, "खरं?"

"फोन बाहेर धरते, ऐक."

वहिनींनी फोन दाराकडे धरला. काही ऐकू गेलं की नाही कोणास ठाऊक. परत कानाला लावला तर लेक हसत होती, की रडत होती. तिचं नेहमी असंच, दोन्हीचा सूर सारखा.

"गाडी कुठली बघू? सकाळची की दुपारची?"

"कुठलीही बघ," वहिनी म्हणाल्या. "बसायला जागा मिळेल अशी."

फोन ठेवून त्यांनी चष्मे काढले. दोन होते हे आत्ता लक्षात आलं. बाहेर भांडण ओसरून आता काहीतरी घासल्याचा आवाज येत होता, पत्र्याचा रंग खरवडतात तसा. तेवढ्यात थोरल्यांनी सवयीने हाक मारली, "अगं, ऐकलंस का? जरा ये, बघ—"

"दादा, हळू," धाकटे म्हणाले. "वहिनी झोपल्यात."

"झोपलीय?"

"हो. तू मलाच सांग."

वहिनी झोपल्या नव्हत्या. पण हे बोलणं त्यांच्यासाठी नव्हतं, म्हणून त्यांनी कूस बदलली आणि ते पुढे कोणालाही पोचवलं नाही.